भायलो बाक

मामाच्या दुखऱ्या पोटावर फेणी चोळून, वर फेणीत भिजवलेलं फडकं घट्ट बांधून मी त्याला इस्पितळात घेऊन गेले, हा माझ्या आयुष्यातला पहिला मोठा मूर्खपणा. दुसरा मी त्याच दिवशी दुपारी केला, पण तो मूर्खपणा होता हे कळायला मला म्हातारी व्हावं लागलं. पहिल्यावर घरात वर्षानुवर्षं हसले. चवथीला माणसं जमली की कोणीतरी सुरू करायचंच, "शालू, मामाक कसो भट्टीवयल्या मडक्यासारखो घमघमवीत व्हेलंस, तां सांग गो." आणि मी सांगायची, हातवारे करून, बसच्या कंडक्टरची नक्कल करून. दुसऱ्याबद्दल मात्र मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात हसू नव्हतं.

मी तेव्हा अकरावी पास झाले होते आणि माझ्या मते अर्धी डॉक्टरीण होते. शाळेत प्रथमोपचाराचा वर्ग झाला होता, त्यात मोडलेल्या हाताला झोळी बांधायला शिकवलं होतं. मोडलेला हात काही मिळेना, म्हणून मी गावातल्या धडधाकट पोरांचे हात बांधत फिरायची. उरलेली अर्धी डॉक्टरीण व्हायला फक्त पांढरे कपडे हवेत, अशी माझी समजूत. शिंग फुटलेलं वासरू बरं, ते निदान गोठ्यात तरी राहतं.

आमचं घर हळर्णला, काजूच्या डोंगराखाली. वडील डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचे आणि पंधरवड्याने लाल धुळीने माखून यायचे. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत बुडवायची आणि ते पाणी वांग्यांनासुद्धा घालू द्यायची नाही. रोजची माणसं तीन. आई, मी आणि आईचा थोरला भाऊ, वासूमामा. काजूच्या दिवसांत त्या घराला दोनच आवाज असत. सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, तो ऐकला की आई ओले हात पदराला पुसत गरम उंडे घ्यायला पळायची. आणि मग दिवसभर मागच्या झापांच्या मांगरातल्या भट्टीतून मडक्यात पडणारा फेणीचा थेंब. टप्, आणि बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा टप्. शेजारच्या बायका म्हणायच्या, तुम्हाला ह्या आवाजात झोप कशी लागते. आम्हाला पावसाळ्यात तो थांबला की झोप लागत नसे. काजूचे बोंडू तुडवून माझे पाय चिकट होऊन जायचे, माश्या मागे मागे यायच्या, आणि घरातल्या भाकरीलासुद्धा त्याच आंबूस गोड वासाची चव लागायची. दुपारी उकड्या तांदळाची पेज, खारातली कैरी, आणि ओल्या काजूगरांचं रस्सेदार तोणाक. ह्या तोणाकासाठी आजही मी कोणाशीही भांडेन.

मामाची फेणी सगळ्या भागात नावाजलेली, पण तो स्वतः तिला ओठ लावत नसे. बाटली हलवून वर येणारे बुडबुडे तो उजेडात धरून बघायचा. त्यांना तो मणी म्हणायचा. मणी किती टिकतात आणि कसे फुटतात, त्यावरून माल पक्का की कच्चा ते सांगायचा. गिऱ्हाइकं चेष्टा करत, "वासू, रांधप्यान चाखल्याबगर मीठ कसा कळता रे?" मामा म्हणायचा, "जेवणाऱ्याच्या तोंडार कळता."

पूर्वी तो प्यायचा. मामी बाळंतपणात गेली, बाळही गेलं, आणि मामाने तुडवलेला बोंडू आणि प्यायलेला पेला ह्यांत अंतर ठेवलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्याचे हात सकाळी चहाची बशी धरू शकत नव्हते. आई त्याला बशी ओठांशी धरून चहा पाजायची आणि मी खिडकीतून बघते आहे हे कळलं की पाठ फिरवायची. एकदा तो स्वतःहून डॉक्टरकडे गेला. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण लोक म्हणतात दारुडे स्वतःहून जात नाहीत. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गेला. सांगितलं, हात थरथरतात, झोप नाही, कोणीतरी मागून हाक मारतं असं वाटतं. डॉक्टर खुर्चीतून उठलेही नाहीत. म्हणाले, "आधी दारू सोड, मग माझ्याकडे ये."

तापाने फणफणलेल्या माणसाला कोणी सांगतं का, आधी ताप सोड, मग ये?

मामा आज्ञाधारक. घरी आला आणि सोडली. एकदम सोडली. मांगरात जाऊन पडला. अंग असं थडथडायला लागलं की खालचा बांबूचा खाटला वाजायचा. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून तो नखांनी भिंत खरवडायचा, आणि भिंतीवर एकही मुंगी नसायची. एकदा दातखीळ बसून जीभ चावली गेली. आई शेजारी बसून चमच्याने पेज घालत राहिली आणि देवी सातेरीला हाका मारत राहिली, कारण हाक मारायला दुसरं कोणी ठेवलं नव्हतं. तो वाचला. बरा झाल्यावर सातेरीसमोर उभा राहून त्याने गाऱ्हाणं घातलं, की आवय, आता ही तोंडाक लावचंय नाय. गावाने म्हटलं, बघा, मनावर घेतलं की सुटते. माझी नात आता डॉक्टर होते आहे. तिला मी हे सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आजी, असं एकदम सोडणं जिवावर बेततं. ह्यावर औषध देतात." मी म्हटलं, आता देत असतील. ती म्हणाली, "तेव्हाही होतं गं." हे 'तेव्हाही होतं' मला अजून गिळता आलेलं नाही. घशातच आहे.

तर तो दिवस. आई कारापूरला मावशीकडे गेली होती. मामा बोंडू तुडवता तुडवता पोट धरून खाली बसला. अंगाला दरदरून घाम, तोंड राखेसारखं. आमच्याकडे फेणी ही प्यायची वस्तू कमी आणि औषध जास्त. पाय मुरगळला, फेणी. पोराची छाती भरली, फेणी. दाढ ठणकली, फेणीचा बोळा. मी, अर्धी डॉक्टरीण, धावत बाटली घेऊन आले, ओवा टाकून ती कोमट केली आणि मामाचा शर्ट वर करून चोळायला लागले. मामा दातांवर दात धरून म्हणाला, "पोटाक लाव. तोंडाकडे हाडू नको." एवढ्या कळांतही त्याला सातेरी आठवत होती. आतून फुटलेल्या पोटाला मी जोर लावून चोळत होते, आणि वर स्वतःवर खूश होते, हे लिहिताना आजही माझे हात मला नकोसे होतात. मग जुन्या धोतराचं फडकं बाटलीतल्या उरल्या फेणीत बुडवून पोटाला आवळलं. झोळी नाही तर नाही, काहीतरी बांधायला मिळालं.

शेजाऱ्यांनी त्याला आरामखुर्चीत घालून होडीपर्यंत आणलं. नदीपलीकडे बस. बसमध्ये आम्ही चढलो आणि पुढच्या बाकांवरची माणसं पदर, रुमाल नाकाला लावून मागे वळली. कंडक्टर म्हणाला, "सकाळच्या पाराक? बरो मुहूर्त काडलो." सगळे हसले. मीही हसले. भरल्या बसमध्ये हसणाऱ्यांच्या बाजूला असणं बरं असतं, एवढी अक्कल मला होती. मामा डोळे मिटून माझ्या खांद्यावर रेलला होता. त्याने ते हसू ऐकलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

इस्पितळाचं नाव लिहीत नाही. ते आता तिथे नाही, आणि त्या डॉक्टरांची नातवंडं असतील, त्यांचा काय दोष. दारातल्या शिपायाने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतं नाक वर केलं, हवा ओढली आणि म्हणाला, "भायलो बाक."

भायलो बाक म्हणजे बाहेरचा, मागच्या व्हरांड्यातला, भांडी घासायच्या मोरीलगतचा लांब लाकडी बाक. पिऊन आलेली माणसं तिथे. ज्यांच्या डोक्यात बिघाड आहे असं दारातल्या दारात ठरलं, तीही तिथे. उतरेपर्यंत, गप्प होईपर्यंत, किंवा घरचं कोणी कंटाळून परत नेईपर्यंत. पुढच्या बाजूला ताप, खोकला, गळवं, बाळंतिणी, त्यांची रांग होती, ती सरकत होती. मागचा बाक सरकत नव्हता. त्या बाकाचा हुकूम कोणी काढला नसेल. कोणी दुष्ट माणसाने रात्री बसून तो बेत केला असता, तर त्याला शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण शिपाई बरा माणूस होता, त्याने मला पाणी आणून दिलं. सिस्टर बरी होती. डॉक्टर हुशार म्हणून प्रसिद्ध. सगळे बरे होते आणि बाक होता. बाकाला काय शिव्या घालायच्या? तरी मी घालते, अजून, भांडी घासताना.

बाकावर आधीच एक माणूस आडवा होता. पोट घागरीसारखं, पाय काठ्यांसारखे, डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे. त्याच्या उशाशी त्याची बायको. सावंतवाडीकडची, दोघं खाणीवर मजुरीला. दारूचा वास त्याला होताच, तो कुठल्या फडक्याचा नव्हता. ती बाई उठली, नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उठवून बसवलं आणि अर्धा बाक मोकळा केला. "घाल हंयसर तुझ्या माणसाक," म्हणाली. तो बिचारा भिंतीला टेकून बसला, धापा टाकत. मग तिने आपल्या डब्यातली पेज झाकणात ओतून माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. सांगितलं, भूक नाही. खरं म्हणजे मला त्या डब्यातलं नको होतं.

सिस्टर येऊन गेली. "उतरली काय गो?" मी म्हटलं, "सिस्टर, तो पीत नाही." ती म्हणाली, "बाय, हंय येतल्या सगळ्यांच्या घरची हेंच सांगतत." डॉक्टर व्हरांड्याच्या टोकापर्यंत आले, लांबूनच बघितलं. मी हात जोडले. ते म्हणाले, "झोपू दे त्याला. उतरली की बघतो." आणि गेले. तेवढ्या अंतरावरून पोट दिसत नाही, वास तेवढा येतो.

ही सगळी जुनी गोष्ट म्हणून कोणी उसासा टाकू नये. परवा माझ्याच छातीत धाप लागायला लागली. मुलाने एका चकचकीत इस्पितळात नेलं. गारेगार हवा, काचेची दारं, आणि डॉक्टर म्हणजे मोठा गोड पोरगा, आजी आजी करत होता. माझ्या गोळ्यांची पिशवी त्याने उलटी केली, त्यात एक गोळी निघाली. आमचे हे गेले त्या सालापासून मी ती मनासाठी घेते, आणि ती घेते म्हणून सकाळी उठून दात घासते. पोराने ती गोळी बघितली आणि गळ्यात घातलेली नळी गळ्यातच राहू दिली. मला काही विचारलं नाही. माझ्या मुलाला म्हणाला, "काळजीचं काही नाही, टेन्शनमुळे होतं त्यांना." त्या टेन्शनचा पुढे निमोनिया निघाला. तेव्हापासून मी ती गोळी तपकिरीच्या डबीत ठेवते. नात रागावते, "आजी, डॉक्टरला सगळी औषधं सांगायची असतात." मी म्हटलं, सांगेन की. ज्या दिवशी सांगूनही छातीला नळी लागेल त्या दिवशी सांगेन. मग मी तिला भायल्या बाकाबद्दल विचारलं, तुमच्याकडे असतो का गं. तिने हातातला चहा खाली ठेवला. म्हणाली, "बाक नाही. पण पिऊन आलेल्याला शेवटी बघतात. असं कोणी सांगितलेलं नाही. सगळ्यांना माहीत असतं."

उन्हं व्हरांड्यात आली तेव्हा मामा कण्हायचा थांबला. मला वाटलं, बरं वाटतंय. अर्धी डॉक्टरीण. मग त्याचा हात बाकावरून खाली लोंबला. तो उचलला तर थंड. मी त्याच्या पोटाचं फडकं सोडलं आणि ते हातात घेऊन सरळ डॉक्टरांच्या खोलीत घुसले. शिपाई मागून ओरडत होता. डॉक्टर कोणाची तरी नाडी बघत होते. मी ते ओलं फडकं त्यांच्या टेबलावर आपटलं.

"हा वास ह्याचा आहे," मी म्हटलं. "मी बांधलं होतं पोटाला. माझा मामा पीत नाही. देवीसमोर सोडलीय त्याने. त्याचं तोंड हुंगा, मग बोला." इथवर ठीक होतं. इथे थांबले असते तर आज हे प्रकरण लिहायला बसले नसते. पण मी थांबले नाही. दाराकडे हात केला, दार सताड उघडं, पलीकडे बाक, आणि म्हटलं, "तो काही त्या बाहेरच्या बेवड्यासारखा नाही. आम्ही बऱ्या घरची माणसं आहोत."

डॉक्टर उठले. व्हरांड्यात आले. मामाच्या तोंडावर वाकले आणि म्हणाले, "आ कर." हुंगलं. उपाशी माणसाच्या तोंडाचा वास, दुसरा कसला येणार. मग, म्हणजे नाकाने परवानगी दिल्यावर, त्यांनी पोटावर हात ठेवला. ठेवला मात्र, आणि चेहरा बदलला. पोट फळीसारखं कडक झालं होतं. पुढचं सगळं धावपळीचं. चाकांची खाट आली, सिस्टर पळाली, कोणीतरी माझ्याकडून सही घेतली. मी त्या हाताकडे बघत होते. हाच हात सकाळपासून त्याच इमारतीत होता. पोटही तिथेच होतं. मधे फक्त एक वास होता.

मामा वाचला. पोटावर उभा व्रण घेऊन पुढे कितीतरी काजूचे मोसम त्याने मणी बघितले, माझ्या लग्नात वाढायला उभा राहिला, आणि म्हातारपणी झोपेत गेला. त्या संध्याकाळी डॉक्टर मला बोलावून नीट समजावून सांगत होते, आता आदराने. जठराला भोक पडलं होतं. "पूर्वी पीत होते का?" मी म्हटलं, हो, पूर्वी. "त्याचाही हात आहे ह्यात," ते म्हणाले. मी मान डोलावली. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच शिरलं नाही. ज्या पोटाला त्यांनी पीत नाही म्हणून आत घेतलं, ते पोट दारूनेही पोखरलेलं होतं. मग वास खरा असता तर? मामाने त्या सकाळी कळ सोसवेना म्हणून एक घोट घेतला असता तर? भोक तेच. कळ तीच. मेला असता मोरीजवळ, आणि गावाने म्हटलं असतं, दारूने मेला.

पण हे सगळं नंतर. मामाला आत नेलं त्या क्षणी मी जिंकले होते. अंगात वारं शिरल्यासारखी मी व्हरांड्यात परत आले, माझी पिशवी बाकाखाली राहिली होती. त्या बाईने नवऱ्याच्या खांद्याखाली आपला खांदा घातला होता आणि त्याला उभा करत होती. डबा धुऊन, फडक्यात बांधून झाला होता. सकाळपासून त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि आता कोणी विचारील असं तिला वाटत नसावं. तिने माझं बोलणं ऐकलं होतं, दार उघडं होतं. मी तिचं नाव कधी विचारलं नाही. तेव्हाही विचारलं नाही. मी हसत हसत तिला म्हटलं, "वयनी, आमच्या मामाक भितर व्हेलो."

तिने पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळून, जराही आवाज न चढवता म्हणाली, "बरा झाला गो बाय. तुझो मामा पी नाय, म्हणान भितर गेलो. माझो पिता. तेका मी खंय घेवन जाव?"